पेलेटची शेगडी, गेलेली लाईट आणि सैपाकघरातला धूर

सुरमईथाळी
नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी काय झालं ते सविस्तर लिहिते. नाहीतर शेगडी कुठली, पंखा कसला, जोडणी कुठे असं एकेक विचारण्यातच तीन दिवस जातील.

दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमच्या चार खोल्या आहेत, राहण्याजेवणाची सोय. सैपाकाला मी आणि मदतीला येणाऱ्या वैनी, दोघीच. दिवाळीनंतर पेलेटची शेगडी घेतली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं असलं दाबून केलेल्या, करंगळीपेक्षा बारीक कांड्या पोत्यात मिळतात, त्या यात जळतात. शेगडीच्या बुडाशी छोटा पंखा असतो. तो खालून आणि वरच्या कडेच्या भोकांतून हवा सोडतो. पंखा चालू असला की ज्योत सरळ, धूर नाही म्हटलं तरी चालेल, भांडीही फार काळी होत नाहीत. 19 किलोचा सिलिंडर आता जवळजवळ दुप्पट दिवस जातो. भात, आमटी, अंघोळीचं पाणी पेलेटवर; तळण आणि भाकऱ्या गॅसवर.

आता गंमत. गेल्या शनिवारी चौदा पानं होती. रात्री आठ वाजता वळवाचा वारा सुटला आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर ट्यूब लागली, पण शेगडीचा पंखा बंद, कारण त्याचा प्लग जुन्या पॉइंटला, तो इन्व्हर्टरच्या लाईनवर नाहीच! मिनिटभरात ज्योत बसली आणि असा पांढराफेक दाट धूर सुटला की समोरचं पातेलं दिसेना. पाहुण्यांचं लहान पोर पडवीत खोकायला लागलं. भात अर्धाकच्चा उतरवला. सात-आठ मिनिटांनी लाईट आली, वैनी काय झालं बघायला शेगडीवर वाकल्या आणि भप्पकन जाळ वर आला. भुवया गेल्या. डोळे वाचले, देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला. मंगळवारी पहाटे चारलाच लाईट गेली, चारही खोल्यांचे पंखे चालूच होते, सकाळी पोह्यांच्या वेळी इन्व्हर्टरने टीं टीं करून मान टाकली. परत धूर.

आता एका दुकानदाराने 2 केव्हीएचा (दीड-दोन हजार वॅट पेलणारा) इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या बॅटऱ्या सांगितल्यात. एवढा खर्च करायचा का? की दुसरं काही? पावसाळा दारात आहे.

करवंद
ताई, घेऊन टाका 2 केव्हीए. पाहुण्यांचे पंखे पण सुटतील. धंदा आहे म्हटल्यावर एवढं करावंच लागतं.

मागीलदार
वैनींची तब्येत कशी आहे ते आधी सांगा. भाजल्यावर घरात कोरफड आहे म्हणून काहीही लावत बसू नका, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवून घ्या.

सुरमईथाळी
@मागीलदार, दाखवलं काका. डोळ्यांना काही नाही. भुवया येतील म्हणाले. आता काजळाने काढतात आणि स्वतःच हसतात.

तारजोडणी
ताई, थांबा. पैसे देऊ नका अजून. मी रत्नागिरीत वायरिंगची कामं करतो, हॉटेलांची जास्त. आधी एक करा. शेगडीच्या पंख्यावर नाहीतर त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर एक चिकटपट्टी असेल. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर काय लिहिलंय ते इथे लिहा. बाकी नंतर बोलू.

सुरमईथाळी
काळा चौकोनी अ‍ॅडॉप्टर आहे. इनपुट 100-240, आउटपुट 12 व्होल्ट 2 अँपिअर. पंख्यावर 12 व्होल्ट डीसी, 1.5 अँपिअर. शेगडीवर पंखा कमीजास्त करायचा बटणगोळा आहे, तो आम्ही निम्म्यावर ठेवतो.

तारजोडणी
मला वाटलंच होतं. आता हिशोब बघा.

12 गुणिले 1.5 म्हणजे 18 वॅट. हा पंखा पूर्ण जोरात असताना. तुम्ही निम्म्यावर चालवता म्हणजे दहाबारा वॅट धरा. एका एलईडी बल्बएवढं झालं. आणि त्यासाठी 2 केव्हीए!

तुमचा इन्व्हर्टर का मेला तेही यातच आहे. बॅटरी 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) असेल तर 12 गुणिले 150, म्हणजे 1800 वॅट-अवर. पण लेड अ‍ॅसिड बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, आणि इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो. हातात हजार-अकराशे येतं. छताचा जुना पंखा 75 वॅटचा, चार पंखे म्हणजे 300. साडेतीन तासांत खेळ खल्लास. शेगडीचा त्यात काही दोष नाही, ती बिचारी चार घोट पिते आणि बाकीचे हंडा रिकामा करतात.

आता दुसरी गोष्ट. बॅटरी 12 व्होल्टची. इन्व्हर्टर त्याचे 230 करतो. मग तुमचा अ‍ॅडॉप्टर 230 चे परत 12 करतो. म्हणजे दापोलीहून हर्णैला जायला मुंबईमार्गे. वाटेत दोन्ही टोकांना गळती, वर इन्व्हर्टर नुसता चालू राहायला दहावीस वॅट खातो ते वेगळंच, म्हणजे पंख्याएवढं किंवा त्याहून जास्त. शेगडीला इन्व्हर्टरच नको. 12 व्होल्टची छोटी बॅटरी थेट पंख्याला द्या.

करवंद
@तारजोडणी, हे बरोबर, पण 230 वाला पंखा असलेल्या शेगड्या पण असतात ना? माझ्या मेव्हण्याकडे आहे, गुहागरला, मोठी, लग्नाच्या जेवणावळींची.

तारजोडणी
असतात. त्यांना इन्व्हर्टर लागेल, आणि तिथे चौकोनी वेव्हचा, म्हणजे झटक्याझटक्याने वीज देणारा, स्वस्त इन्व्हर्टर घेऊ नका. मोटर घूंऽऽ करते, तापते, आणि हवा कमी पडते. हवा कमी म्हणजे धूर. साइन वेव्हचाच, म्हणजे तारेतल्या विजेसारखी सलग वीज देणारा, घ्यायचा. पण ताईंचा प्रश्न तो नाही.

रापणकार
माका एक सांगा, ह्या सगळा कशाक? आमच्याकडे होडयेर 12 व्होल्टाची बॅटरी असता, बत्तीक आणि वायरलेसाक. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवली की बॅटरी घराकडे पडान असता. तीच लावा. मी माझ्या टीव्हीच्या डब्याक लावतंय.

तारजोडणी
@रापणकार, चालेल की. फक्त होडीची असो की गाडीची, ती एकदम जोर देण्यासाठी बनवलेली असते, हळूहळू उपसण्यासाठी नाही. पुन्हा पुन्हा तळाला नेली तर वर्षभरात बसेल. पाव भाग वापरायचा आणि चार्ज करायची. 35 एएचच्या बॅटरीतून शंभरेक वॅट-अवर मिळाले तरी ताईंचे दिवसाचे सात-आठ तास निघतात. आणि एक, लेड अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. शेगडीच्या ओट्याखाली ठेवलीत तर भुवयांवर भागणार नाही. ती पडवीत, उघड्यावर.

मागीलदार
तुमचं चालू द्या, मी आपलं जुनं सांगतो.

3 जून 2020, निसर्ग चक्रीवादळ. दिवेआगर-श्रीवर्धनकडून आत शिरलं, पण आमच्या दापोली-मंडणगडचीही त्याने दाणादाण केली. आमच्या आगरातली बावीस माडं आणि सुपारी मोजायचीच सोडून दिली. पोल तर वाकलेल्या काडेपेटीच्या काड्यांसारखे पडले होते. आमच्या वाडीत लाईट तीन आठवड्यांनी आली. तीन तास नाही, तीन आठवडे. इन्व्हर्टर पहिल्या रात्री संपला. मोबाईल गाडीवर चार्ज करायचो. पंपाला वीज नाही म्हणून विहिरीवर परत रहाट आला. आणि सैपाक कशावर? मागच्या दारी चूल. पडलेल्या माडांची सोडणं, झापं, पिढे, करवंट्या, सगळं वादळानेच आणून टाकलं होतं दारात, पण ओलं. पहिले चार दिवस बायकोने फुंकणी फुंकून फुंकून घसा बसवला.

सांगायचं काय, तुमची शेगडी चांगलीच आहे, पण तिच्या शेजारी एक दोन वैलांची मातीची चूल असू द्या. तिला 12 व्होल्टही लागत नाहीत.

सुरमईथाळी
काका, चूल आहे हो मागीलदारी, बंब तिथेच तापतो थंडीत. पण चौदा पानांचा भात चुलीवर म्हणजे वैनी मला सोडून जातील.

रात्रपाळी
मी जिल्ह्याच्या ठिकाणी नर्स आहे. धुराबद्दल सगळे बोलतायत, एका गोष्टीबद्दल कोणी बोललं नाही. पंखा बंद पडला की पेलेट विझत नाही, धुमसत राहतात. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही. पांढरा धूर निघून गेला म्हणजे तोही गेला असं समजू नका. डोकं जड होणं, मळमळ, गरगर, हात-पाय गळाल्यासारखे, आणि माणसाला वाटतं उपाशीपोटी पित्त झालं. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही.

कौलारू सैपाकघरात बराचसा धूर कौलांतून वाट काढतो. आता सगळीकडे स्लॅब आलेत, पावसात खिडक्या लावलेल्या, वर काँक्रीट. तिथे पेलेट असो, शेणी असो की कोळशाची शेगडी, वरच्या बाजूला झडप किंवा धुराडं हवंच. ताईंचं सैपाकघर कसं आहे?

सुरमईथाळी
नवीन, स्लॅबचं. धुराडं नाही, एक्झॉस्ट फॅन आहे. जो लाईट गेल्यावर बंद असतो. लिहिताना माझं मलाच कळतंय.

रात्रपाळी
मग तोच आधी सोडवा. आणि लाईट गेल्यावर पाहुण्यांच्या खोल्यांकडचं दार लावा, बाहेरचं उघडा. उलट करू नका.

बर्फातलीकोकणी
मी मूळची गुहागरची, आता अमेरिकेत व्हरमाँटमध्ये. धागा वाचून हसले, कारण माझ्या घरात पण पेलेट स्टोव्ह आहे आणि माझं पण हेच रडगाणं आहे. फक्त तुमची भातासाठी आणि माझी घर तापवायला. इथे बाहेर उणे पंधरा वीस असतं तेव्हा.

आमच्याकडचा स्टोव्ह म्हणजे लोखंडी कपाट. वर हॉपर, त्यात 40 पौंडांची, म्हणजे 18 किलोंची पिशवी ओतायची. एक मळसूत्र हळूहळू फिरून पेलेट खाली भांड्यात टाकतं. पेटवायला विजेची कांडी लालभडक होते, ती तीनचारशे वॅट खाते, पण काही मिनिटंच. नंतर मळसूत्र, धूर बाहेर ओढणारा पंखा आणि गरम हवा खोलीत फेकणारा पंखा मिळून साधारण शंभर वॅट. हिमवादळात तारांवर बर्फ बसतो, झाडं पडतात, लाईट जाते, आणि धूर बाहेर ओढणारा पंखा बंद पडतो. मग धूर घरात. अगदी तुमच्यासारखंच.

आमचे पहिल्या वर्षीचे शहाणपण सांगते. नवऱ्याने कॉम्प्युटरचा जुना यूपीएस लावला. त्याची वेव्ह चौकोनी. मळसूत्राची मोटर गुरगुरली, स्टोव्हच्या कार्डाने काहीतरी चूक दाखवली आणि स्टोव्ह बंद. नंतर साइन वेव्हचा इन्व्हर्टर आणि 12 व्होल्ट 100 एएचची बॅटरी घेतली. शंभर वॅट दिवसभर म्हणजे 2400 वॅट-अवर, आणि बॅटरीत भरलेले 1200. सगळे वापरताही येत नाहीत. म्हणजे आठनऊ तास. रात्र निघते, दिवस नाही. त्यामुळे आम्ही ठरवलंय: लाईट जाऊन दहा मिनिटं झाली की स्टोव्ह कमीवर, आणि वादळ मोठं असेल तर बॅटरी भरलेली असतानाच स्टोव्ह रीतसर बंद करायचा. पूर्ण विझेपर्यंत पंखा चालायला हवा, तेवढ्यासाठी बॅटरी राखून ठेवायची. तुमच्यासाठीही हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बॅटरी सैपाक पुरा करायला नाही मिळाली तरी चालेल, पण टाकलेले पेलेट जळून जाईपर्यंत पंखा चालायलाच पाहिजे.

आणि हो, इथे जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवून दर हिवाळ्यात माणसं जातात, तोच कार्बन मोनॉक्साइड. पडवीत जनरेटर ठेवणाऱ्या माझ्या मामांना हे वाचायला देते.

तारजोडणी
@बर्फातलीकोकणी, ताई, एकदम मुद्द्याचं बोललात. आणि तो भप्प का झाला तेही सांगतो. धुमसणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेला गॅसच असतो. पंखा परत सुरू झाला, हवा मिळाली, खालच्या निखाऱ्याने तो पेटला. म्हणून लाईट आल्यावर शेगडीत डोकावायचं नाही. बाजूला उभं राहून पंखा हळू सुरू करायचा.

जनरेटरचं निघालंच आहे तर अजून एक. घरच्या वायरिंगमध्ये जनरेटरचा प्लग उलटा खोचून पूर्ण घर चालवणारे मी कोकणात किती बघितलेत! वीज तारेतून उलटी मागे जाते आणि पोलवर चढलेल्या वायरमनच्या हातात. चेंजओव्हर स्विच (एका वेळी तारेची नाहीतर जनरेटरची, एकच वीज घरात घेणारा) लावल्याशिवाय जनरेटर जोडायचा नाही. वादळात आपण ज्या माणसाची वाट बघतोय त्यालाच मारायचं का?

पुळणीतलंऊन
सौर लावा की. 50 वॅटचं पॅनेल, छोटा चार्ज कंट्रोलर, बॅटरी. कायमचा प्रश्न मिटला.

मागीलदार
@पुळणीतलंऊन, जुलैत तुमच्याकडे ऊन पडतं का? मला पण पत्ता द्या.

पुळणीतलंऊन
काका, ढगातूनही थोडं मिळतं. माझ्याकडे गेले दोन पावसाळे आहे. दाट ढगात पॅनेल दहा-पंधरा टक्के देतं. 50 चं पॅनेल म्हणजे पाच-सात वॅट. दिवसाचे पाचसहा तास धरले तर तीस वॅट-अवर. ताईंचा पंखा तीन तास. नाही म्हणायला फुकट. पण मे महिन्यात तीच बॅटरी तुडुंब.

तारजोडणी
बॅटरीला एक पूरक म्हणून ठीक. पावसाळ्यात त्यावर विसंबू नका. आणि पॅनेलचे स्क्रू स्टेनलेसचे, साधे खाऱ्या वाऱ्यात वर्षभरात गंजतात.

सुरमईथाळी
(दोन आठवड्यांनी)

मंडळी, तुमचं ऐकून 2 केव्हीए घेतला नाही. लिथियम फेरो फॉस्फेटची 12.8 व्होल्ट 12 एएचची बॅटरी घेतली, विटेपेक्षा थोडी मोठी. तिचा चार्जर वेगळा. आमच्या अहोंनी उत्साहाने जोडली आणि पंखा जो गरजला, पेलेट कढईतल्या लाह्यांसारखे उडायला लागले! जाळ पातेल्याच्या वर. अर्ध्या तासाची पेलेट पंधरा मिनिटांत संपली. काय चुकलं?

तारजोडणी
चुकलं काही नाही. 12 म्हटली तरी ती बॅटरी भरलेली असताना 13 च्या वर असते, आणि चार्जर लावलेला असेल तर 14.6 पर्यंत. तुमचा पंखा 12 चा. मध्ये एक छोटं बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, टाका, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतं, नखाएवढ्या स्क्रूने व्होल्टेज कमीजास्त होतं. मल्टिमीटर लावून 11.5 वर आणा. बाकी शेगडीच्या बटणावर.

आता जोडणी अशी: चार्जर कायम बॅटरीला, बॅटरी कायम पंख्याला. मध्ये लाईट आहे की नाही याचा पंख्याला पत्ताच लागू नये. प्लग बदलायला धावायचं नाही. आणि बॅटरीच्या लाल वायरवर, अगदी बॅटरीजवळ, 3 अँपिअरचा फ्यूज. वायर कुठली वापरलीत?

सुरमईथाळी
स्पीकरची होती घरात पडलेली. बॅटरी माजघरात कपाटात, तिथून शेगडीपर्यंत आठ मीटर.

तारजोडणी
ती बारीक अर्धा चौरस मिमीची असेल. जाऊन-येऊन सोळा मीटर, दीड अँपिअरला पाऊण-एक व्होल्ट वाटेतच जाईल. पूर्ण जोराला पंखा मंद वाटेल आणि तुम्ही परत मला शिव्या द्याल. अडीच चौरस मिमीची घ्या, मग हाच तोटा दोन दशांशावर येतो. नाहीतर बॅटरी जवळ आणा, पण शेगडीच्या उष्णतेपासून दोन हात लांब, आणि टोकांना व्हॅसलिन फासा. आपल्याकडे तांबं महिन्यात हिरवं होतं.

रापणकार
तांब्याचा सोडा, आमच्याकडे माणूस हिरवो होता पावसाळ्यात.

वासोटाभटक्या
एक अडाणी शंका. पेलेट ओले होत नाहीत का पावसाळ्यात? आम्ही ट्रेकला नेले होते, पिशवी फाटली, सकाळी खाली नुसता भुसा.

सुरमईथाळी
होतात म्हणजे काय! हे मी लिहायलाच विसरले होते. जूनमध्ये एक पोतं ओट्याच्या कोपऱ्यात उघडं राहिलं. आठवड्यात कांड्या फुगून हाताने चुरा व्हायला लागल्या. दमट पेलेटला पंखा कितीही जोरात लावा, धूर येतोच, म्हणजे बॅटरी पण जास्त जाते. आता तांदळासारखी बेगमी करतो. निळे झाकणाचे ड्रम, आत जाड प्लॅस्टिक, खाली फळी, भिंतीपासून चार बोटं लांब. एका ड्रमात मावेल तेवढंच फोडायचं. सप्टेंबरपर्यंतचा माल मे महिन्यातच आणून ठेवला होता, तो आता असा ठेवतो.

करवंद
आमच्याकडे काजूच्या टरफलांचा ढीग पडलेला असतो कारखान्याजवळ, फुकट. ती टाकली तर चालतील का यात? तेलकट असतात, भन्नाट जळतात.

तारजोडणी
घरात अजिबात नको. काजूच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं तर फोड येतात, त्याचा धूर डोळे-घशाला बाधतो. कारखान्याच्या भट्टीला उंच धुराडं असतं, तिथे ठीक. ताई जेवण बनवतायत.

रात्रपाळी
+1. हात सोलवटलेले बघितलेत मी, दर काजूच्या सीझनला येतात दोनचार.

सुरमईथाळी
(जुलैअखेर)

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं. परवा परीक्षा झाली. दुपारी साडेबाराला पावसाने असा दणका दिला, समोरच्या आगरातला फणस तारेवर आडवा. घरात अकरा पाहुणे, पेलेटवर भात आणि सुक्या बांगड्याचं कालवण. लाईट गेली, आणि मला कळलंच नाही! मुलाने येऊन सांगितलं की वायफाय गेलंय. पंखा तसाच घुरघुरत होता, ज्योत तशीच. वैनी दोन हात लांब उभ्या होत्या, सवयीने, पदर नाकाला लावून.

रात्री अकरापर्यंत लाईट आली नाही. मधे दुपारचं, रात्रीचं आणि चहा, असा पंखा सहा तास चालला असेल, बटण निम्म्यावर. संध्याकाळी बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर 13.1. म्हणजे अजून बरीच शिल्लक. इन्व्हर्टर मात्र दुपारीच गेला होता, पाहुण्यांनी पंख्यांसोबत टीव्ही लावला होता. आता इन्व्हर्टरवर फक्त पाहुणे आणि ट्यूबा, शेगडी आणि एक छोटा एक्झॉस्ट फॅन स्वतंत्र बॅटरीवर. एक्झॉस्ट पण 12 व्होल्टचा घेतला, कॉम्प्युटरच्या पंख्यासारखा, वरच्या झरोक्यात बसवला. तो पाच वॅट खातो.

रात्री शेवटचे पेलेट मुद्दाम कमी टाकले आणि ते पांढरी राख होईपर्यंत पंखा चालू ठेवला. बर्फातलीकोकणी ताई, हे तुमच्यामुळे.

बर्फातलीकोकणी
वा! मामांनी जनरेटर पडवीतून बाहेर शेडात नेला, हेही कळवते. मी इथे बसून सुक्या बांगड्याचं कालवण वाचतेय हा मात्र अन्याय आहे.

मागीलदार
राख फेकू नका ताई. आळ्यात घाला, माडाला. वैनींच्या भुवया आल्या का?

सुरमईथाळी
आल्या काका. पूर्वीपेक्षा दाट. आता त्या म्हणतात डोक्याला पण एकदा भप्प करून घेऊ का.

रापणकार
वैनीक सांगा, आधी माझ्यार प्रयोग करा. माझा टक्कल पडलासा.

तारजोडणी
ताई, ते बक कन्व्हर्टर उघडंच ठेवलंय की डब्यात घातलंय? पाली शिरतात त्यात आपल्याकडे.

सुरमईथाळी
लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत. झाकणाला वायरीपुरती दोन भोकं. चालेल ना?

तारजोडणी
दोन भोकं अजून पाडा, हवेसाठी, आणि त्यावर जाळी. मग चालेल.